ठोकळ्यावरचा सत्तूर

"आक्का, हाडं जरा कमी घाला," गायकवाड मास्तर म्हणाले.

"मास्तर, बोकड हाडांवरच उभा असतो. बिनहाडाचं पाहिजे तर वांगी घ्या, ती बाई समोरच बसलीय."

रांग हसली. रविवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. विट्याच्या बाजारात आमच्या दुकानापुढं पंधरा-वीस माणसं पिशव्या घेऊन उभी होती. दुसरा बोकड आकड्याला टांगलेला, अजून गरम. माझा थोरला येशा त्याचं कातडं ओढत होता, आणि सत्तूर माझ्या हातात होता. मास्तरांना रश्शाला नळी लागते, ती मी ठोकळ्यावर फोडत होते.

तेवढ्यात रांगेच्या मधनंच एक मोटारसायकल आत घुसली. एका म्हाताऱ्याच्या पायावर चाक जाता जाता राहिलं. दोघं जण उतरले. पुढचा काडीसारखा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्ट्याची पिशवी. मागचा जाडा, दाढीवाला, तोंडात मावा.

"मालन प्रभावळे कोण?" काडीनं विचारलं.

"वर बोर्ड हाय. वाचायला येत न्हाई का?"

"येतं. तीन हप्ते थकलेत तुमचे."

"हळू बोल. गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाईक असतानाच यायला सांगितलंय आम्हाला," तो म्हणाला. हे म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पिशवीतल्या कागदाकडं बघितलं.

ते कर्ज माझ्या धाकटीचं, वैजूचं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी दुसरीतनं सुटले, येशा नववीतनं सुटला, कारण त्याचा बाप गेला आणि दुकान चालवायला हात पाहिजे होता. वैजूला मात्र मार्क पडायचे. फार्मसीला नंबर लागला तेव्हा सगळ्या आळीला मी कलेजी वाटली. फीचा आकडा नंतर कळला. सरकारी बँकेतल्या साहेबानं जमिनीचा उतारा मागितला. म्हटलं, साहेब, माझी जमीन म्हणजे हा ठोकळा. तो म्हणाला, मग जमणार नाही. मग एका फायनान्सवाल्यानं दुकानाच्या कागदावर साडेचार लाख दिले. मी सही केली. माझी सही वैजूनंच मला शिकवली होती, ती सातवीत असताना, हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर. माझ्या सहीत 'मालन'चा न जरा मोठा येतो.

पोरगी पास झाली. चांगली पास झाली. पण शेवटच्या वर्षाची फी राहिली होती, आणि कॉलेजनं तिचे सगळे मूळ कागद दाबून ठेवले. दहावीचं सर्टिफिकेटसुद्धा. पैसे भरा, कागद न्या. तिकडं एका औषधाच्या कारखान्यानं तिला नोकरी दिलेली, बुधवारपर्यंत मूळ कागद दाखव म्हणून. कॉलेजला शेहेचाळीस हजार पाहिजे होते. माझ्याकडं एक्केचाळीस होते. हप्ते न भरता साठवलेले. बाकीचे पाच त्या रविवारी गल्ल्यात येणार होते, आणि सोमवारी पहिल्या एस्टीनं वैजू जाणार होती. ते एक्केचाळीस हजार बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, ठोकळ्याखालच्या फळीवर होते.

वैजूला हे मान्य नव्हतं. शनिवारी दुपारी ती म्हणाली, "आई, आधी हप्ते भर. ती माणसं वाईट असत्यात. नोकरी दुसरी मिळंल."

"कागद नसताना?"

"मिळंल कायतरी. मेडिकलच्या काउंटरवर उभी राहीन."

माझ्या हातात आमटीची पळी होती. ती मी तिच्या दंडावर हाणली. एकदा, मग दुसऱ्यांदा. पळी वाकली. "काउंटरवर उभं राहायला साडेचार लाख घातले का गं? काउंटर माझा हाय की घरचा!" येशानं मधी हात घातला, एक त्यालाही बसली. तो आपला हात चोळत हसला. "वैजे, गप भर फी. न्हाईतर ही आज आमटीबी वाढायची न्हाई आन् पळीबी उरायची न्हाई."

येशा असा होता. चोवीस वर्षांचा, बैलासारखा अंगानं, पण राग नाकावर बसलेला. बहिणीला 'डाक्टरीनबाई' म्हणायचा. ती म्हणायची, अरे मी औषधवाली. तो म्हणायचा, तेच की, सुई तेवढी राहिली.

त्याचा राग मला ठाऊक होता, तसा माझा सासऱ्यांना ठाऊक होता. लग्न होऊन मी या दुकानात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी सत्तूर मागितला, मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाली ठेवला आणि गिऱ्हाइकांदेखत माझ्या कानाखाली अशी वाजवली की नथ गालात घुसली. "खाटकाच्या दुकानात हत्यार हातातनं हातात देत न्हाईत. ठोकळ्यावर ठेवायचं. दुसऱ्यानं उचलायचं." संध्याकाळी स्वतः हळद आणून दिली आणि म्हणाले, "पोरी, दिवसभर आपल्या हातात हत्यार असतं. डोकं कधी फिरंल सांगता येत न्हाई. ठेवायला आन् उचलायला एक दम जातो. त्या एका दमात मानूस मानसात येतो."

त्या दिवसानंतर चाळीस वर्षं आमच्या दुकानात तसंच चाललं. येशा मान वर न करता मागं हात पसरायचा, मी सत्तूर ठोकळ्यावर ठेवायची, बोटानं टक्‌ वाजवायची, तो उचलायचा. शब्द लागायचा नाही.

तर त्या रविवारी काडी म्हणाला, "एक्केचाळीस हजार चारशे. आत्ता."

"बुधवारी ये. एक हप्ता देते."

"बुधवार तिनंदा झाला, बाई."

"आक्का म्हन. सगळा बाजार आक्का म्हनतो."

"आक्का, मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मग वर जाऊन सांग, आक्का तंगडी देते, पैसं न्हाईत."

रांग पुन्हा हसली. काडीचे कान लाल झाले. जाडा मात्र हसला नाही. तो दुकानाच्या कडेनं सरळ आत आला, गल्ला उपसला. त्यात चिल्लर आणि हजारभर होते. मग खाली वाकला. डबा त्याला दिसला. डबा हलवून त्यानं झाकण काढलं आणि शीळ घातली.

"हे काय म्हनायचं, आक्का? न्हाईत म्हनतीस आन् हितं खजिना!"

"ठेव तो. पोरीच्या कॉलेजचा हाय."

"कॉलेजचंच कर्ज हाय की," त्यानं डबा काडीकडं फेकला. "धर रं, मोज."

काडीनं डबा उजव्या काखेत धरला आणि झाकण लावायला लागला. येशानं कातडं सोडलं. हात रक्तानं कोपरापर्यंत माखलेले. तो फळीवरनं उडी मारून बाहेर आला आणि काडीची गचांडी धरली. "ठेव डबा."

"पावती देतो," काडी म्हणाला. खरंच म्हणाला तो. "पावती देतो मी, भाऊ."

जाड्यानं मागनं येशाच्या मानेवर बुक्की मारली. येशानं वळून त्याच्या तोंडावर डोकं आपटलं. जाड्याच्या नाकातनं रक्त आलं. रांग फुटली, पिशव्या पडल्या, कुणाचं तरी खिमा मटण चिखलात गेलं. म्हातारा ओरडत होता, पोलीस बोलवा, पोलीस बोलवा. कुणी बोलवत नव्हतं, सगळे बघत होते. जाड्यानं येशाला मागनं मिठी घातली, दोन्ही दंड आवळले. येशाचा एक हात सुटला, दुसऱ्यानं काडीची कॉलर सोडली नाही. तिघं एकमेकांत अडकून माझ्या ठोकळ्यापर्यंत घसटत आले. काडीचा हात डब्यासकट ठोकळ्यावर टेकला.

तेवढ्यात गोंधळ ऐकून मागच्या घरातनं वैजू पडदा सारून बाहेर आली. तिच्या दंडावर पळीचा वळ निळा झालेला.

जाड्यानं तिला वरनं खालपर्यंत बघितलं. नाकातलं रक्त ओठावरनं चाटून म्हणाला, "हीच का शिकलेली? मग हप्त्याची काय काळजी? आमच्यासंगं पाठवा की. महिन्याला दोन रात्री. साडेचार लाख कधी फिटलं कळनारबी न्हाई."

काडीनं मान वळवली आणि त्याला म्हणाला, "दादा, तसं नको बोलू."

हे त्याचे शब्द मी विसरलेले नाही. तो ते बोलत होता तेव्हाच सत्तूर खाली आला.

पुढचं मी पोलिसांना सांगितलं तसं सांगते. सत्तूर ठोकळ्यावर होता. येशानं उचलला आणि हाणला.

तो जाड्याला लागला नाही. जाडा मागं होता. पुढं काडी होता, त्याचा उजवा हात ठोकळ्यावर, डब्यावर. चार बोटं गेली. अंगठा राहिला. डब्याचा पत्राही चिरला, आणि त्या फटीतनं नोटा दिसत होत्या, वरच्या लाल झालेल्या. पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही, कारण ठोकळ्यावर रक्त असतंच. काडी ओरडलासुद्धा नाही. तो आपल्या हाताकडं असा बघत होता जणू कुणीतरी त्याच्या हातातलं काहीतरी काढून घेतलंय आणि आता परत देणार आहे. मग पाय दुमडून खाली बसला.

जाडा मोटारसायकल घेऊन पळाला. आपल्या माणसाला टाकून पळाला.

मी मटण झाकायचं ओलं फडकं घेतलं आणि त्याचा हात घट्ट गुंडाळला. वैजू खाली गुडघ्यावर बसली, त्याचा दंड दाबून धरला, कुठं दाबायचं तिला ठाऊक होतं. "हात वर धरा. माझ्याकडं बघा. नाव काय तुमचं?"

"संग्राम," तो म्हणाला.

"आई, बोटं! बोटं पिशवीत घाल, बर्फात!"

मी मास्तरांच्या मटणातनं बोटं उचलली. चार. चुकून एक हाडाचा तुकडा उचलला, तो परत टाकला. आमच्या काळ्या पिशवीत घातली, आईस्क्रीमवाल्याकडनं बर्फ आणला. हे सगळं मी केलं. जन्मभर तेच काम केलेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी पिशवी उघडून बघितली आणि म्हणाले, उशीर झाला, शिवाय कापायला साधा चाकू नव्हता ना हा.

येशा फळीवर बसून होता. सत्तूर त्याच्या मांडीवर. पोलीस आले तेव्हा त्यानं विचारलं, "हात धुऊ का?" हवालदार म्हणाला, "नको, तसाच चल."

सत्तूर गेला, डबा गेला, डब्यातले एक्केचाळीस हजारही गेले. मुद्देमाल. मी फौजदाराला म्हटलं, "साहेब, रक्ताच्या नोटा तुम्ही ठेवा, खालच्या कोऱ्या हायत, त्या द्या. पोरीला उद्या कॉलेजात भरायच्यात." त्यानं माझ्याकडं असं बघितलं जणू बोटं मीच तोडली.

बुधवार गेला. नोकरी गेली. कागद आठ महिन्यांनी सुटले, माझ्या गळ्यातल्या पुतळ्या विकून. आता वैजू सांगलीत एका मेडिकलच्या काउंटरवर उभी राहते. शनिवारी तिनं म्हटलं होतं तसंच. माझी पळी तेव्हाची वाकलेलीच आहे.

वकील म्हणाला, "येशवंत, खरं सांग. सत्तूर तुझ्या हातात कसा आला?"

कोठडीच्या गजांमागनं येशा म्हणाला, "ठोकळ्यावर होता. मी उचलला."

"आक्का?"

"ठोकळ्यावर होता," मी म्हटलं.

वकिलानं दोघांकडं बघितलं. मग कागदावर लिहिलं.

खटला दीड वर्षानं उभा राहिला. गायकवाड मास्तर साक्षीला आले. रांगेत सगळ्यांत पुढं तेच होते. कोर्टानं विचारलं, सत्तूर कुणी उचलला? मास्तर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "गर्दी होती, साहेब. मला नीट दिसलं नाही." जाताना माझ्यापुढनं गेले, नमस्कार केला नाही. त्या दिवसापासून ते मटण दुसरीकडून घेतात.

संग्राम आला तो उजवा हात खिशात घालून. शपथेवर सही डाव्या हातानं केली, लहान पोरासारखी. सरकारी वकिलानं विचारलं, शिक्षण?

"बी. ई. मेकॅनिकल."

"मग वसुलीच्या कामाला कसे?"

"माझंही कर्ज होतं, साहेब. त्याच कंपनीचं. नोकरी लागली नाही. ते म्हणाले, वसुली कर, हप्ता पगारातनं कापू."

येशा पिंजऱ्यात उभा होता. त्यानं पहिल्यांदा मान खाली घातली.

मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. एक बाई आली, माझ्याच वयाची, पायात रबरी चपला, हातात जेवणाचा डबा. माझ्यापुढं उभी राहिली.

"तू प्रभावळीन का?"

"हो."

"माझा पोरगा शाळेत पयला यायचा," ती म्हणाली. "पयला. चित्रं काढायचा यंत्रांची. आता पँटीची चेन लावायला मला हाक मारतो."

आणि तिनं माझ्या तोंडात मारली. सासऱ्यांनी वाजवली होती त्याच कानाखाली. माझा हात उठला होता. मी अशी बाई आहे की बाजारात मला कुणी उलट बोललं तर त्याच्या सात पिढ्यांची मी खरडपट्टी काढते. पण उठलेला हात मी पदरात घातला. शिपाई धावला. मी म्हटलं, "राहू दे. मारू दे तिला. तिला बी ठाऊक न्हाई तिनं कशासाठी मारली, पन तिनं बरोबर मारली."

शिपायाला काही कळलं नाही. त्या बाईलाही नाही. ती तिथंच खाली बसून रडली आणि तिच्या डब्यातली भाकरी फरशीवर सांडली. ती मी उचलून झाडून डब्यात घातली. तिनं घेतली नाही.

येशाला सात वर्षांची सजा झाली. कळंब्याच्या जेलात, सूट धरून साडेपाच भोगली. मी महिन्यातनं एकदा जायची. जाळीपलीकडनं तो विचारायचा, वैजीचा हप्ता किती राहिला? मी आकडा सांगायची. तो मान हलवायचा, जणू दोघंही एकच शिक्षा उतरवत होते. त्या गोष्टीबद्दल एक शब्द आम्ही कधी काढला नाही. जाळीपाशी शिपाई असायचा, हे एक कारण.

सुटून आला त्या गुरुवारी वैजूही सांगलीहून आली. तिनं औक्षण केलं. तो बारीक झाला होता, केस पांढरे, एकोणतिशी-तिशीच्या माणसाला शोभत नाहीत असे. तो म्हणाला, "डाक्टरीनबाई, सुई आली का?" ती हसता हसता स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रविवारी तो दुकानात उभा राहिला. रांग होती. जुनी माणसं त्याच्याकडं बघत होती. आकड्याला बोकड होता, नवा सत्तूर माझ्या हातात, नळी पुढ्यात. आणि येशानं मान वर न करता मागं हात पसरला. पंजा उघडा. पूर्वीसारखा.

मी सत्तूर ठोकळ्यावर ठेवला आणि बोटानं टक्‌ वाजवली.

त्यानं उचलला नाही. हात तसाच.

"ठेवलाय की," मी म्हटलं.

तो वळला. माझ्या कानाशी आला. गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "हातात दे की, आये. त्या दिशी दिलास तसा. मूठ माझ्याकडं करून."

होय. मूठ त्याच्याकडं करून.

वैजूबद्दल तो जाडा बोलला तेव्हा नळी फोडायला घेतलेला सत्तूर माझ्याच हातात होता. येशाचा सुटलेला हात माझ्याकडं पसरला. पंजा उघडा. मी ठोकळ्यावर ठेवला असता तर मूठ शोधून उचलायला त्याचा एक दम गेला असता, आणि त्या दमात संग्रामचं 'तसं नको बोलू' त्याच्या कानावर पडलं असतं. माझ्या कानावर ते पडत होतंच. तरी मी पातं माझ्याकडं घेतलं, मूठ फिरवली आणि त्याच्या पंजात दिली. चुकून दिला असता तर पातं पुढं गेलं असतं.

"ठोकळ्यावर होता, मी उचलला," येशा कानात म्हणाला. "साडेपाच वर्षं रोज घोकलं, आये. झोपेत सुटू नये म्हनून. आता तुझ्या तोंडनं एकदा ऐकू दे."

मागच्या पडद्याशी वैजू उभी होती. तिला ऐकू गेलं की नाही, मी तेव्हा बघितलं नाही. पुढं तीस माणसं पिशव्या धरून उभी होती.

"मी दिला," मी म्हटलं. हळू नाही. रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं. "त्या दिवशी सत्तूर मी दिला याच्या हातात."

कुणाची तरी पिशवी वाजली.

येशानं दोन्ही हातांनी डोळे दाबले. मग सत्तुराकडं हात नेला.

मी आधी उचलला. "सर बाजूला," मी म्हटलं. "ताजव्यापाशी बस."

तेव्हापासून तोडायचं काम माझ्याकडं आहे. खांदा दुखतो, वैजू दर महिन्याला मलम आणते. तिचे अजून चौदा हप्ते राहिलेत. येशा तोलतो, पैसे घेतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. त्याच्याकडं सत्तूर जात नाही. हातातनं नाही, ठोकळ्यावरनंही नाही.